गार फरशी

चपला काढा. मोजे असतील तर तेही. खुर्चीत असाल तर दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकवा. खाली बसायची सवय असेल तर गुडघे उभे करून पावलं समोर ठेवा. घरात शहाबादी असो, कोटा असो, टाइल असो की सारवलेली जमीन, काहीही चालेल. मधेमधे मी थांबायला सांगेन, तिथे खरंच थांबा. ही वाट हळू चालायची आहे.

आता उजव्या पायाच्या अंगठ्याकडे लक्ष न्या. मान खाली घालून बघायचं नाही, नुसतं लक्ष न्यायचं. क्षणभरापूर्वी हा अंगठा तुमच्या मनात कुठेच नव्हता. आता आहे. त्याची गोल उशी जमिनीवर दबलेली आहे, एका कडेनं तो शेजारच्या बोटाला टेकलाय, आणि खालून गारवा येतोय.

दोन-तीन श्वास तिथेच राहा.

'गार फरशी' असं आपण एका दमात म्हणतो. वस्तू एक, अनुभव एक. पण तुमच्या शरीरात फरशीचा स्पर्श एका वाटेनं वर गेला आणि तिचा गारवा दुसऱ्या वाटेनं. दोघांचे तंतू वेगळे, वेग वेगळे, बाजू ओलांडायची जागाही वेगळी. कमरेपर्यंत ते शेजारी शेजारी आले, आणि तिथून मानेपर्यंत शरीराच्या दोन विरुद्ध बाजूंनी चढले. मला या गोष्टीचं फार नवल वाटतं. आज मला तुम्हाला एवढंच दाखवायचं आहे.

आधी स्पर्शाबरोबर जाऊ.

अंगठ्याच्या कातडीत दाब ओळखणारी सूक्ष्म टोकं आहेत. तिथून एक तंतू निघतो, केसाहून कितीतरी बारीक, पण सलग. घोट्याच्या आतल्या बाजूनं वळून तो पोटरीत शिरतो, गुडघ्यामागच्या खळगीतून जातो, मांडीच्या मागून वर येतो. मांडीत तो असंख्य सोबत्यांसह एका जाड दोरखंडात बांधलेला असतो. शरीरातली ही सर्वांत जाड चेता, जवळजवळ हाताच्या अंगठ्याएवढी. तिच्यावर दाब आला की आपण 'सायटिका झालाय' म्हणतो, किंवा 'नस दबली आहे' म्हणतो. नस हा शब्द आपण रक्तवाहिनीलाही वापरतो आणि चेतेलाही. शाळेच्या पुस्तकानं चेता हा वेगळा शब्द दिला, आणि तो मला आवडतो, कारण त्यात चेतना आहे. आपली जुनी पिढी मज्जातंतू म्हणते, तेही चालेल.

कमरेशी, दोन मणक्यांमधल्या फटीजवळ, एका छोट्या गाठीत या तंतूची मूळ पेशी बसलेली आहे. तिथून तिची दुसरी फांदी मेरुरज्जूत शिरते आणि उजव्या बाजूनंच सरळ वर चढत जाते. पाठ, खांदे, मान. जिथे मान संपून कवटी सुरू होते, तिथे आत मस्तिष्कपुच्छ आहे, मेंदूचा सर्वांत खालचा भाग. तिथे ही फांदी थांबते.

आता एक करा. उजवा गुडघा जवळ घ्या आणि उजव्या हातानं पायाचा अंगठा धरा. डावा हात मानेच्या मागे, कवटीखालच्या खोलगट जागी ठेवा. पाय लांब केल्यावर या दोन हातांमध्ये जेवढं अंतर पडेल, तेवढी लांब ती एक पेशी आहे. एकच. मोठ्या माणसात दीड मीटरच्या आसपास. गोधडीसारखं तुकडे जोडून केलेलं काही नाही. तुमच्या अंगठ्याला जे टोक टेकलंय त्याचंच दुसरं टोक डाव्या तळहाताच्या आत आहे.

हात तसेच ठेवून एक पूर्ण श्वास घ्या. मग सोडा.

मस्तिष्कपुच्छात ती पेशी दुसऱ्या पेशीला निरोप देते. दोघींमध्ये फट असते, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहून थोडी मोठी, आणि ती रसायनाच्या थेंबुकल्यांनी ओलांडली जाते. ही फट आहे की नाही, यावर एकेकाळी मोठा वाद होता. इटलीचे कामिल्लो गोल्जी म्हणायचे, सगळं मिळून एकच अखंड जाळं आहे. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल म्हणायचे, प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. गंमत अशी की काहालनी ते पाहिलं गोल्जींच्याच पद्धतीनं, चांदीच्या क्षारानं पेशी काळ्या करून. 1906 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. पुढे काहाल बरोबर ठरले. आपल्या आत कुणी कुणाला चिकटलेलं नाही, तरी निरोप थांबत नाही.

ही दुसरी पेशी तिथेच बाजू ओलांडते. उजव्या अंगठ्याचा निरोप आता डावीकडे आला. थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावर तिसरी पेशी तो घेते आणि मेंदूच्या सालीपर्यंत नेते. अंगठ्याची जागा डाव्या अर्ध्याच्या आतल्या भिंतीवर, दोन्ही अर्धी एकमेकांसमोर येतात त्या खोल घळीत आहे. कॅनडात माँट्रिऑलला वाइल्डर पेनफील्ड या शल्यविशारदांनी रुग्ण जागे असतानाच मेंदूला हलक्या विजेचा स्पर्श करून हा नकाशा काढला. मेंदूला स्वतःला दुखत नाही, म्हणून ते शक्य झालं. त्या नकाशात पाठ एवढीशी आहे आणि ओठ, जीभ, हाताची बोटं अवाढव्य.

तीन पेशी, दोन फटी, आणि लागलेला वेळ साधारण सेकंदाचा पंचविसावा भाग.

आता गारव्याकडे वळा. पाय पुन्हा खाली ठेवा.

गारवा आणणारे तंतू सडपातळ असतात. स्पर्शाच्या तंतूवर मायलिनचं जाड वेष्टण असतं, म्हणून तो सेकंदाला पन्नासेक मीटर धावतो. गारव्याच्या तंतूवर ते पातळ असतं, काहींवर नसतंच. तो मागून येतो. कमरेपर्यंत वाट तीच, पण मेरुरज्जूत शिरल्या शिरल्या त्याचा निरोप दुसरी पेशी घेते आणि लगेच बाजू ओलांडते. म्हणजे या क्षणी, तुमच्या पाठीच्या कण्यात, उजव्या अंगठ्याचा स्पर्श उजवीकडून वर चाललाय आणि त्याच अंगठ्याचा गारवा डावीकडून.

हे कळलं ते जखमांमधून. मॉरिशसमध्ये जन्मलेले शार्ल एदुआर ब्राउन-सेकार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवलं, की मेरुरज्जू अर्धाच कापला गेला तर एक चमत्कारिक गोष्ट होते. जखमेच्या बाजूच्या पायातली हालचाल आणि स्पर्शाची नेमकी जाण जाते, आणि दुसऱ्या पायातली वेदना, थंड-गरम जातं. असा माणूस एका पायानं फरशी ओळखतो आणि दुसऱ्यानं गारवा. त्याच्यासाठी 'गार फरशी' दोन पायांत वाटली गेलेली असते.

तुमच्या अंगठ्याखाली ती अजून एक आहे. ती एक कोण करतं, तुमच्याच्यानं सांगवेल का? प्रयत्न करून बघा. स्पर्श वेगळा काढा, गारवा वेगळा काढा. थोडा वेळ द्या.

मला हे कधी जमत नाही. जोडणी माझ्या येण्याआधीच झालेली असते.

ज्या काळात मी हे सगळं वाचायला लागले, त्या काळातली एक संध्याकाळ सांगते. आई भाजी घेऊन जिना चढून वर आली. दारात पिशवी ठेवली आणि चप्पल काढायला वाकली, तर एकाच पायात चप्पल. "अगंबाई, दुसरी कुठं राहिली?" असं म्हणून ती स्वतःच्या पायाकडे बघत राहिली. मी खाली गेले. तिसऱ्या पायरीवर चप्पल नीट सरळ पडलेली होती, जणू कुणी काढून ठेवलीय. त्यानंतर ती एकोणीस पायऱ्या अनवाणी पायानं चढली होती, आणि पायानं तिला काही सांगितलं नव्हतं.

आईला मधुमेह आहे, वीस वर्षं झाली. मधुमेहात बहुधा सर्वांत लांब चेतांना आधी झळ पोचते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो. कारण त्या लांब पेशीतच आहे. टोकापर्यंतची रसद कमरेजवळच्या मूळ पेशीतून जाते, आणि ती जलद म्हटली तरी दिवसाला फार तर चाळीस सेंटिमीटर सरकते. कमरेतून निघालेला शिधा अंगठ्याला पोचायला दोन-तीन दिवस लागतात. साखरेनं बारीक रक्तवाहिन्या आणि तंतू दोन्ही जेरीस आले, की आधी उपाशी राहतं ते शेवटचं घर.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं. त्यांच्या हातात एक नायलॉनचा ताठ धागा होता. तो बरोबर दहा ग्रॅम दाबाला वाकतो. "आजी, लागलं की हं म्हणा." टाचेवर धागा वाकला, आई हं म्हणाली. घोट्यापाशी, हं. चवड्यावर धागा वाकला. आई गप्प. अंगठ्याच्या उशीवर धागा वाकला, सुटला, पुन्हा वाकला. तिच्या कपाळावर एक बारीक आठी होती, ती अगदी मन लावून ऐकत होती. शेवटी डोळे न उघडताच तिनं विचारलं, "लावलं का?"

तो प्रश्न मी विसरू शकत नाही. लक्ष पूर्ण होतं. आपण आता बसलोय त्याहून कितीतरी एकाग्र. फक्त धाडणारं कुणी नव्हतं.

म्हणून तुमच्या अंगठ्यातून आता जे येतंय, ते येऊ द्या. थोडा वेळ आपण काहीच बोलायला नको.

आता लक्ष पाठीकडे. हाताचा अंगठा मागे नेऊन कमरेच्या मधोमध मणक्यांची रांग चाचपा. हे जे उंचवटे लागतात त्यांच्या आत, हाडाच्या नळीत, पाण्यासारख्या द्रवात तरंगत मेरुरज्जू आहे. करंगळीएवढा जाड, पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आतबाहेर लांब. तुमचा अंगठा कमरेवर असेल तर त्याच्या थोडं वरच तो संपलेला असतो. खाली चेतांचा झुपका लोंबतो, शरीरशास्त्रात त्याला घोड्याची शेपूटच म्हणतात. मेंदू आणि हा रज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था. रज्जूतून बाहेर पडणाऱ्या चेतांच्या 31 जोड्या आणि थेट मेंदूतून निघणाऱ्या 12, ती परिघीय. पाठ्यपुस्तकात दोन रंगांत दाखवतात, पण तुमच्या अंगठ्याच्या त्या पेशीचं एक टोक परिघात आहे आणि दुसरं मध्यात. सीमारेषा पुस्तकाची आहे, पेशीला ती ठाऊक नाही.

हा रज्जू नुसता निरोप्या नाही. शेताच्या बांधावर अनवाणी चालताना बाभळीचा काटा टोचला, की पाय आधी उचलला जातो आणि 'आई गं' नंतर येतं. तो निर्णय कमरेत झालेला असतो. आणि त्याच क्षणी दुसरा पाय ताठ होतो, अंगाचा सगळा भार पेलायला. हा दुसरा पाय मला फार हलवून जातो. ज्याला काटा टोचलाच नाही, त्यालाही रज्जूनं कळवलं.

मेंदूत चेतापेशी साधारण 8,600 कोटी आहेत. त्यांतल्या 6,900 कोटींच्या आसपास मागच्या बाजूच्या छोट्या अनुमस्तिष्कात आहेत, तोल आणि हालचालींचा मेळ राखणाऱ्या. हा आकडा डोक्यात मावत नाही. त्यावर मनन करू नका.

त्यापेक्षा पोटावर हात ठेवा.

इथून पुढे तुम्ही आज्ञा देऊ शकत नाही असा प्रदेश लागतो. स्वायत्त चेतासंस्था. तिची ओळख आपल्या भाषेला पुस्तकांच्या फार आधीपासून आहे. अंगावर काटा आला. तोंडाला कोरड पडली. हातपाय गार पडले. पोटात गोळा आला. छातीत धडधडलं. आपल्या आज्यांनी ओळीनं जी लक्षणं सांगितली, ती सगळी अनुकंपी चेतांची कामं आहेत: केसांच्या मुळाशी असलेले इवले स्नायू आवळणं, लाळ आटवणं, कातडीच्या रक्तवाहिन्या आकसून रक्त मोठ्या स्नायूंकडे वळवणं, आतड्याची हालचाल रोखणं, हृदयाला टाच मारणं. अनुकंपी या शब्दात 'बरोबरीनं कापणारी' असा अर्थ आहे, आणि खरंच सगळं अंग एकदम कापतं.

या हाकेला ओ देणं थांबलंच नाही तर काय होतं, ते कोकणानं पाहिलं आहे. लाल विंचवाचं विष चेतांवरची सोडियमची दारं उघडी ठेवतं आणि अनुकंपी चेतांचं वादळ उठतं. माणूस घामानं निथळतो, हातपाय बर्फासारखे होतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर अशा रुग्णांच्या उशाशी बसून त्यांच्या गार हातापायांची, घामाची, नाडीची नोंद करत राहिले. 1982 साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली, आणि पुढे प्राझोसिन हे आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध त्यांनी वापरात आणलं. 40 टक्क्यांच्या घरातले मृत्यू 1 टक्क्यापर्यंत उतरले. एखाद्या माणसानं गार पडलेल्या पावलाकडे इतकं लक्ष द्यावं, याला मी तरी मननच म्हणेन.

आता डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं ठेवा, वैद्य ठेवतात तशी. नाडी लागेपर्यंत शोधा. लागली की श्वास हळू आत घ्या, आणि त्याहून हळू सोडा. पुन्हा घ्या. पुन्हा सोडा. मोजू नका, फक्त बोटांना ऐकू द्या.

श्वास आत येताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. वय कमी असेल तर स्पष्ट जाणवेल, वाढलं असेल तर पुसट. हृदयाला आवर घालणारी व्हेगस ही चेता मस्तिष्कपुच्छातून निघते, मानेतून छातीत आणि पोटात उतरते. तिच्या लॅटिन नावाचा अर्थच भटकी. श्वास सोडताना तिचा लगाम घट्ट होतो, घेताना सैल पडतो. ती हृदयाशी कशी बोलते, ते ओटो लोवी यांनी शोधलं. प्रयोग त्यांना स्वप्नात दिसला, अशी हकीकत त्यांनीच सांगितली आहे: पहिल्या रात्री उठून खरडलेलं सकाळी वाचता येईना, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेतवली, हृदय मंदावलं. त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. निरोप पाण्यात उतरला होता. हे 1921 साली प्रसिद्ध झालं.

व्हेगसमधले बहुतेक तंतू खाली काही सांगायला जात नाहीत. ते वर बातमी आणतात, पोटाची, हृदयाची, फुप्फुसांची. आतड्याच्या भिंतीत तर स्वतःच्या कोट्यवधी चेतापेशी आहेत, आणि मेंदूशी संबंध तुटला तरी त्या आतडं चालवतात.

या सगळ्या प्रदेशात तुमच्या हातात असलेलं एकच दार आहे, श्वास. तो आपोआप चालतो आणि सांगितलं तर ऐकतोही. मस्तिष्कपुच्छ त्याची लय राखतं, आणि मेंदूची साल हवं तेव्हा ती बदलते. उंबरठ्यावर बसल्यासारखं आहे हे: एक पाय घरात, एक अंगणात. साधना करणाऱ्यांना हे फार पूर्वी उमगलं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या शरीराचं जे वर्णन आहे, त्यातल्या नाड्या म्हणजेच या चेता, असं काही जण जुळवून दाखवतात. मी तसं करणार नाही. तो नकाशा आतून काढलेला आहे, हा बाहेरून, आणि दोघांनाही आपापल्या जागी मान आहे. श्वासाच्या उंबरठ्यावर मात्र दोन्ही नकाशे येतात.

आता श्वासालाही सोडून द्या. तो आपला चालेल.

रात्री आई पलंगाच्या कडेवर बसते, एक पाय दुसऱ्या मांडीवर घेते. चष्मा लावते. तळवा दिसावा म्हणून छोटा आरसा खाली धरते, आणि टॉर्च मी. कुठे भेग आहे का, फोड आहे का, खडा रुतलाय का. मग तळव्यावरून हात फिरवते, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. हाताला पाय कळतो; पायाला हात कळत नाही. बोटांच्या बेचक्या ती फडक्यानं कोरड्या करते, मग दुसरा पाय घेते. पहिल्यांदा तिनं हे केलं तेव्हा मला बघवलं नव्हतं. आता मी टॉर्च स्थिर धरते.

तुमचा अंगठा अजून जमिनीवरच आहे. आता गारवा फारसा जाणवत नसेल. खालची जागा तुमच्या उबेनं तापलीय, आणि तीच ती बातमी पुन्हा पुन्हा सांगायची नसते म्हणून तंतूही गप्प झालेत. पाऊल उचला. चार बोटं पुढे, कोऱ्या फरशीवर ठेवा.